आईच्या रिपोर्टमध्ये ‘एमएसएच२ लॉस’ आलंय आणि घरात भावासाठी मामाची मुलगी बघतायत

बेदाणा_तासगाव:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या आईचं (वय ४८) दिवाळीच्या आधी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. वर्षभर अंगावरून जास्त जात होतं, मधेच बंद मधेच पंधरा पंधरा दिवस, पण गल्लीतल्या सगळ्या बायकांचं एकच, पाळी जायच्या वेळेला असं होतंच गं. आणि ती बेदाण्याच्या शेडवर मणी निवडत बसायची, दवाखान्यात जायला रोज बुडवायला नको म्हणून. शेवटी मी ओढून नेलं तेव्हा पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. नशीब पहिल्याच स्टेजला. आई काटकुळी आहे, शुगर नाही, बीपी नाही.

आता मुद्दा. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, एमएलएच१ आणि पीएमएस२ रिटेन्ड, एमएसएच२ आणि एमएसएच६ लॉस. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं हे काय, तर ते म्हणाले ते तुमच्या कामाचं नाही, गाठ निघालीय ना, झालं. फाईल बंद. मी घरी येऊन शोधत बसले आणि झोप उडाली. आईचा सख्खा भाऊ, आमचा मामा, ४२ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला. आज्जी पन्नाशीत ‘पोटात गोळा’ होऊन गेली, कुणी तपासलंच नाही. पाहुण्यात कुणी म्हणतं कुळाचाराचं काही राहिलंय, कुणी म्हणतं बागेची फवारणी.

आणि वरून माझ्या धाकट्या भावाचं (२७) त्याच मामाच्या मुलीशी (२२) ठरवतायत. लहानपणापासून बोलणं आहे, पोरगी गुणाची आहे, दोघं खूश आहेत. मी आता तोंड उघडलं तर पोरीची बदनामी, नाही उघडलं तर माझा जीव खातंय. मी ३१, मला एक मुलगी. नक्की काय करू?

शिवारातला_माणूस:
ताई उगाच घाबरू नका, इंटरनेटवर वाचून सर्दीचा पण कॅन्सर होतो 😀 आमच्या आज्जीला पण पिशवीचा झाला होता, पुढं कुणाला काही झालं नाही. जाडी आणि शुगरनं होतो हा. आणि द्राक्षपट्ट्यात किती औषधं मारतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लग्न खुशाल करा.

स्लाईडवाला_मिरज:
दादा तुमचं अर्धं बरोबर आहे. अस्तराचा कॅन्सर बहुतेकींना वजन, शुगर, पीसीओडी, वय यानंच होतो, आनुवंशिक शंभरात दोन-तीनच. पण ताईंच्या आईचा त्या दोन-तीनातला असायची शंका रिपोर्टच देतोय, म्हणून तुमच्या आज्जीचं उदाहरण इथं लागू नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमधे आहे, डॉक्टर नाही, पण हेच काम रोज हातात असतं म्हणून सांगतो. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवतात, पेढ्याएवढा चौकोनी ठोकळा होतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रिपोर्टमधल्या त्या चार प्रोटीनचे चार वेगळे डाग टाकायचे. प्रोटीन असेल (रिटेन्ड) तर पेशींचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल (लॉस) तर नुसतं निळसर. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका राहतात, त्या दुरुस्त करणारं हे पथक. ते जोडीनं काम करतात, एमएसएच२ गेलं की त्याचा जोडीदार एमएसएच६ पण टिकत नाही, म्हणून तुमच्यात दोन्ही गेलेत.

एमएलएच१ गेलं असतं तर बहुतेक वेळा ते गाठीपुरतं असतं, जीनवर रासायनिक झाकण बसतं, पुढच्या पिढीत जात नाही. एमएसएच२ गेलं की मात्र लिंच सिंड्रोमची (म्हणजे आतड्याचा, पिशवीचा कॅन्सर व्हायची शक्यता वाढवणारा, घराण्यातून येणारा जीनचा बिघाड) शंका घ्यायचीच. अजून पक्कं नाही हां! गाठीतच दोन बिघाड झाले तरी असं दिसतं. पक्कं होतं ते आईच्या रक्ताच्या टेस्टनं. आणि आईचीच आधी करा, तुमची नाही. आईच्या जीनमधे बिघाड सापडला की बाकीच्यांनी फक्त ती एक जागा तपासायची, स्वस्तात होतं. आईची न करता तुमची केली आणि निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थच लागत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, विषयाला धरूनच आहे. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनला वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्याची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्याकडं सगळे आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं जातात, मी पण तशीच जाणार. आणि ती गेली पिशवीच्याच कॅन्सरनं. त्यानं घराण्याची वंशावळ काढून १९१३ ला छापली, पुढं हेन्री लिंचनं १९६६ पासून अशीच घराणी धुंडाळली म्हणून त्याचं नाव. त्या बाईच्या घराण्यात शेवटी २००० साली बिघाड सापडला, तो पण एमएसएच२ मधेच. तुमच्या आज्जीच्या ‘गोळ्या’चं वाचलं आणि हीच बाई आठवली.

कराडची_मावशी:
बाळ, मी यातलीच. माझा पण एमएसएच२. बहिणीला झाला तेव्हा आमच्याकडं कळलं, मी तेव्हा ३६ ची होते. टाटाच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकला जाऊन आले, तिथं आधी कागदावर अख्खं खानदान काढतात, गोल बायका चौकोन पुरुष, ज्याला झाला तो भरीव. आमचा कागद बघून मीच गप्प झाले.

पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही गं. मला सांगितलेलं की अस्तराचा व्हायची शक्यता आयुष्यभरात साधारण वीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे, आतड्याची पण जवळपास तेवढीच, अंडाशयाची त्याहून कमी. मी दोन पोरं झाल्यावर चाळिशीला पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढून टाकलं. त्यानंतर घाम, चिडचिड, रात्री दोनला उठून पंख्याखाली बसणं, सगळं भोगलं, खोटं कशाला सांगू. आणि दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. ती नळी काही वाटत नाही, आदल्या रात्रीचं ते खारट-गुळचट पाणी पिणं हीच खरी शिक्षा, मी बर्फ घालून नाक दाबून पिते. दोनदा आतड्यात मोड (पॉलिप, मूळव्याधीचा नव्हे) निघाला, तिथंच काढला. मोड असतानाच काढला की त्याचा कॅन्सर होत नाही, एवढ्यासाठीच सगळं.

स्त्रीरोग_कोरेगाव:
वरच्या दोघांनी छान लिहिलंय. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहू नका, तो पिशवीच्या तोंडासाठी असतो, अस्तराचा कॅन्सर त्यात भरवशानं धरता येत नाही. तुम्ही ३१ च्या, पॉझिटिव्ह निघालात तर कोलोनोस्कोपी लगेच सुरू (ती २०-२५ पासूनच करायची असते) आणि अस्तराची बायोप्सी ३०-३५ पासून वर्ष-दोन वर्षांनी, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मधल्या काळात पाळी सोडून रक्त गेलं तर थांबायचं नाही, एवढं डोक्यात ठेवा.

आता लग्नाचं, कारण त्यावर कुणीच बोललं नाही. हा बिघाड आई किंवा बाप कुणाकडूनही येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. तुमच्या आईत आणि मामात दोघांतही होता असं धरलं (मामाला ४२ व्या वर्षी आतड्याचा, म्हणजे दाट शंका) तर मामाच्या मुलीला निम्मी, तुमच्या भावाला निम्मी. दोघांत असायची चारात एक. दोघांत असेल तर त्यांच्या प्रत्येक बाळाला दोन्हीकडून बिघडलेली प्रत मिळायची पुन्हा चारात एक. आणि दोन्ही प्रती बिघडल्या की तो लिंच राहत नाही, लहानपणीच मेंदूचे, रक्ताचे, आतड्याचे कॅन्सर होतात, फार वाईट आजार आहे. टेस्ट न करता बघितलं तर सोळात एक. दोघांपैकी एक जरी निगेटिव्ह निघाला तरी ही भीती संपली, आणि दोघं पॉझिटिव्ह निघाले तरी आयव्हीएफमधे गर्भ तपासून पुढं जाता येतं. म्हणजे लग्न मोडाच असं मी म्हणत नाही.

पण ताई, लग्न होवो न होवो, त्या मुलीला सांगायलाच हवं. उद्या दुसरीकडं कुठं दिली तरी आतडं आणि पिशवी तिचीच आहे ना. ‘लग्नासाठी टेस्ट’ असं म्हणूच नका, ‘बापाचा आजार होता म्हणून तिची तपासणी’ असं म्हणा, आणि ते खरंच आहे.

बेदाणा_तासगाव:
सगळ्यांचे आभार, मावशी तुमचं वाचून रडू आलं. काल मामीला फोन केला. लग्नाचं काहीच काढलं नाही, कोरेगावच्या डॉक्टर म्हणाल्या तसंच बोलले. मामी बराच वेळ गप्प, मग म्हणाली मामाचे सगळे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, टाकून दिले नाहीत, रविवारी ये. पोरगीच मधे फोन घेऊन म्हणाली ताई मला आधीच शंका होती, मी पण येते टेस्टला. २२ वर्षांची पोर, माझ्यापेक्षा धीट निघाली. भावाला अजून सांगायचंय.

स्लाईडवाले दादा, तपासणीसाठी आईचा ब्लॉक दवाखान्यातून मागायला आईनं स्वतः यायला लागतं का? तिला एसटीनं आणायचं जिवावर येतंय.

स्लाईडवाला_मिरज:
बहुतेक ठिकाणी आईच्या सहीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स चालते, आधी फोन करून विचारा. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर पत्रात लिहा, नाहीतर शोधायला दिवस जातो. ब्लॉक उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते. आणि मामाचा पण ब्लॉक कुठं शिल्लक आहे का बघा त्या पेटीतल्या रिपोर्टवरून, जुना असला तरी चालतो.