हाऊ डेअर यू! तुमच्याकडे कोण म्हणायचं?

लेक शाळेसाठी ग्रेटा थुनबर्गचं, त्या स्वीडिश पोरीचं, हवामानबदलावरचं भाषण पाठ करतेय. सप्टेंबर २०१९, न्यूयॉर्क, सोळा वर्षांची पोरगी जगभरच्या पुढाऱ्यांना सुनावते, तेच ते. "हाऊ डेअर यू" आलं की लेक आजीकडे बोट रोखते आणि आजी पोळी उलटत विचारते, तूप लावू का?

त्यावरून आमच्या चाळीतल्या एक काकू आठवल्या. नळावरचं भांडण सगळं मराठीत, पण टिपेला गेलं की कळशी खाली ठेवून, पदर खोचून "हाऊ डेअर यू!" समोरची गप्प. नंबर काकूंचा. लिहा तुमचेही किस्से.

चहाबाज: आजी 😂😂

लोकलवाली: डोंबिवली फास्ट, लेडीज डबा. "हाऊ डेअर यू टच माय बॅग!" खालून आवाज, अगं बाई, तुझी बॅग माझ्या अंबाड्यावर टेकलीय. अख्खा डबा हसला. मग तिनेच बॅग मांडीवर घेतली आणि ठाण्यापर्यंत दोघींच्या सासवांवर गप्पा. कुकर लावलाय, पळते.

निवांत: जुन्या हिंदी सिनेमातली श्रीमंत बापाची लेक. हातात रॅकेट, हीरोची सायकल आडवी आली की हेच वाक्य. पुढच्या रिळात झाडाभोवती गाणं.

पानगळ: थोडं गंभीर. ग्रेटाच्या भाषणाच्याच दिवशी १६ मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क समितीकडे पाच देशांविरुद्ध तक्रार केली, हवामानबदल रोखायला पुरेसं करत नाहीत म्हणून. ग्रेटा होतीच, शिवाय आपल्या हरिद्वारची रिद्धिमा पांडे, वय ११. २०२१ मध्ये समितीने सांगितलं, आधी त्या त्या देशातल्या कोर्टात जा. म्हणजे या खिडकीवरून त्या खिडकीवर. खरं डेअरिंग त्या पोरांचं, आणि नाव एकटीचंच झालं.

चहाबाज: रिद्धिमाचं माहीत नव्हतं. लेकीला सांगा, भाषणात घालेल.

निवांत: ट्रम्पनी ग्रेटाला टोमणा मारला होता, आनंदी मुलगी दिसते म्हणून. तिने तेच स्वतःच्या ट्विटर ओळखीत लिहून टाकलं. याला म्हणतात जिरवणं.

कोपरकर: आमचे साहेब फाइल आपटून म्हणायचे. शिपाईमामा शांतपणे, "साहेब, सही राहिलीय."

लोकलवाली: आले. चाळ कुठली हो? गिरगाव का? आमच्याकडे पाणी पहाटे चारला यायचं.

चहाबाज: चारला भांडायला ताकद कुठून आणायचात?

लोकलवाली: रात्रीचं उरलेलं असायचं ना.