प्रॅचेटची ४१ पुस्तकं: 'आजारपणाची' म्हणून पाच खाली ढकलायची?

कासवछाप

काल आद्यवाचक यांनी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेतल्या ४१ कादंबऱ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत नंबर लावले. वर 'नाइट वॉच', 'स्मॉल गॉड्स', 'गोइंग पोस्टल'. तळाला ३७ ते ४१ मध्ये 'अनसीन अकॅडेमिकल्स', 'आय शॅल वेअर मिडनाइट', 'स्नफ', 'रेझिंग स्टीम', 'शेफर्ड्स क्राउन'. कारण एका ओळीत: "ही आजारपणाची पुस्तकं, यांना काय मोजायचं?" तिथे प्रतिसाद द्यायला घेतला, तो मावेना, म्हणून हा धागा.

मालक, तुमचा ३७ ते ४१ हा क्रम आणि प्रकाशनाचा क्रम एकच आहे. २००९, २०१०, २०११, २०१३, २०१५. म्हणजे वरची ३६ पुस्तकं वाचून लावलीत आणि खालची पाच कॅलेंडर बघून. डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटने आपला अल्झायमरचा आजार जाहीर केला, तिथे तुम्ही रेघ मारली आणि हात झटकले.

'मिडनाइट'ची सुरुवात आठवा. तेरा वर्षांची अँबर, गरोदर. बाप तिला इतका बडवतो की पोटातलं मूल जातं. गावकरी भांडी बडवत त्याच्या घरावर चालून निघालेत. नायिका टिफनी, गावची चेटकीण, स्वतः जेमतेम सोळाची. तिने पोरीच्या वेदना काढून घ्यायच्या, जमाव यायच्या आत त्या बापाला पळायला सांगायचं आणि तो गळफास घेतो तेव्हा त्यालाही वाचवायचं, कारण चेटकिणीचं काम आवडत्या माणसांपुरतं नसतं. मुलांचं पुस्तक म्हणून छापलेल्या गोष्टीत हे सगळं आहे, एकही शब्द चढ्या आवाजात नाही. आणि हे 'एरिक'च्या खाली? 'एरिक' हे मुळात चित्रांसाठी लिहिलेलं बारकं पुस्तक. चित्रं काढून घेतली की उरतं काय?

आद्यवाचक

वा, स्वतंत्र धागा! धन्य झालो.

ठीक आहे, 'मिडनाइट' न्या वर. बाराव्या नंबरवर नेऊन हार घाला. बाकीच्या चारांचं काय? 'स्नफ' घेऊ. 'थड'मध्ये शहराच्या पहाऱ्याचा प्रमुख व्हाइम्स गुहेत पार हाताबाहेर गेलेला असतो, समोर निःशस्त्र म्हातारे, आणि त्याला थांबवतो तो त्याच्याच डोक्यातला पहारेकरी. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पोराला गाईचं पुस्तक वाचून दाखवायचंच, ही सवय त्या अंधारातही सुटत नाही. वीस-पंचवीस पानांत प्रॅचेटने व्हाइम्स आतून उघडून दाखवला.

'स्नफ'मध्ये? व्हाइम्स कायद्याची वही सांभाळत नामानिराळा, आणि शेवटी खुनी स्ट्रॅटफर्डचा काटा काढतो बटलर विलिकिन्स. व्हाइम्सचे हात स्वच्छ, वाचकाची सूडाची हौसही फिटली. 'मेन ॲट आर्म्स'पासून 'थड'पर्यंत ज्या लेखकाने हा सोपा रस्ता व्हाइम्सला एकदाही घेऊ दिला नाही, तोच इथे मागच्या दाराने घेतो. हा हिशेबातला घोळ आहे. आजारामुळे झाला की कशामुळे, मला घेणं नाही. पुस्तक खालीच जाणार.

तळटीप

आजारामुळे की कशामुळे याच्याशी घेणं नव्हतं, तर यादीत 'आजारपणाची पुस्तकं' कशाला लिहिलंत?

मुळात आजार कोणता होता ते बघा. पोस्टीरियर कॉर्टिकल ॲट्रफी. मेंदूच्या मागच्या भागात सुरू होणारा, आधी नजरेचं काम बिघडवणारा. डोळ्यांना दिसतं, मेंदूला जुळवता येत नाही. प्रॅचेटची टायपिंगची बोटं गेली, मग तो सहायक रॉब विल्किन्सला आणि आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगून लिहायला लागला. अल्झायमर झालेल्या कादंबरीकार आयरिस मर्डॉकच्या १९९५ च्या शेवटच्या कादंबरीत शब्दसंपदा आटल्याचं संशोधकांनी दाखवलं, ते उदाहरण इथे लगेच फेकलं जाईल म्हणून आधीच सांगतो: आजार एका घराण्यातले, पण सुरुवातीचा घाव वेगळ्या जागी.

प्रॅचेटच्या बाबतीत बदललं ते लिहिण्याचं हत्यार. बोलून लिहिलं की संवाद लांबतात, कारण बोलणारा स्वतःच्या लयीत वाहवतो आणि पडद्यावर मागे जाऊन छाटता येत नाही. 'रेझिंग स्टीम'मधला व्हेटिनारी, म्हणजे शहराचा हुकूमशहा, बघा. आधीचा व्हेटिनारी भुवई उचलायचा आणि "मी तुम्हाला अडवून ठेवत नाही" म्हणून माणूस संपवायचा. इथे परिच्छेदच्या परिच्छेद बोलतो. आणि मॉइस्ट, हॅरी किंग, व्हाइम्स सगळे त्याच आवाजात. नावं झाकली तर कोण बोलतंय कळत नाही. दोष दाखवायचा तर असा पानावर बोट ठेवून दाखवा. वैद्यकीय दाखला जोडून नको.

झुंजार_चेटकीण

पुरुषमंडळींनो, व्हाइम्स आणि व्हेटिनारी यांच्या पलीकडे या लेखकाने काही लिहिलंय का? मूळ यादीत पहिल्या दहात चेटकिणींचं एकही पुस्तक नाही यावर कुणालाच आक्षेप नाही, बढिया!

'कार्पे जुगुलम' (१९९८), सुरुवातीचीच पानं. गाईने लाथ मारलेली बाळंतीण, आई किंवा मूल एकच वाचणार. सुईण विचारते, नवऱ्याला विचारायला नको का? म्हातारी चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स म्हणते, त्याने असं काय केलंय की मी त्याला एवढं दुखवावं? निवड ती करते, ओझं ती घेते, आणि पुढची तीनशे पानं त्या ओझ्याने ती वाकलेली दिसते. अंख-मॉर्पॉर्क शहराच्या पहाऱ्याच्या सगळ्या पुस्तकांत एवढ्या थोड्या जागेत एवढं वजन कुठेय? 'मिडनाइट' याच प्रसंगाचं लेकरू आहे हेही कुणी बोललेलं नाही.

नवशिका_वाचक

मधेच विचारतो, क्षमस्व. मी एकही वाचलेलं नाही. यादीतलं पहिलं म्हणून 'नाइट वॉच' मागवू का?

लाकडीपेटी

अजिबात नको! अशा याद्यांचा खरा तोटा हाच.

'नाइट वॉच'मध्ये व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो आणि ज्या जॉन कीलने त्याला घडवलं त्याच्याच जागी उभा राहून कोवळ्या व्हाइम्सला शिकवतो. आता तुम्हाला म्हातारा व्हाइम्सच माहीत नाही, तर तरुण बघून काय होणार? पोरगेला नॉबी, रस्त्यावरचा डिब्लर, विद्यार्थिदशेतला व्हेटिनारी, अजून जिवंत असलेला रेज शू, प्रत्येक जण आला की जुना वाचक हसतो नाहीतर गलबलतो. नवा वाचक म्हणतो, पात्रं फार झाली बुवा. शंभर पानांवर पुस्तक बंद, प्रॅचेट बदनाम.

पहाऱ्याची आठ पुस्तकं आहेत. 'गार्ड्स! गार्ड्स!', 'मेन ॲट आर्म्स', 'फीट ऑफ क्ले' ही तीन क्रमाने सक्तीची. बुटांचा हिशेब दुसऱ्यात आहे: पन्नास डॉलरचा बूट दहा वर्षं टिकतो, दहा डॉलरचा एक-दोन मोसम, म्हणून गरीब माणूस तेवढ्यात शंभर घालवतो आणि पाय ओलेच. मग 'जिंगो'. त्याच्या शेवटाकडे व्हाइम्सच्या खिशातलं यंत्र चुकीच्या काळातलं निघतं आणि जे घडलंच नाही त्या लढाईत त्याची माणसं एकेक कशी पडली ते वाचत जातं. ते ऐकलेला व्हाइम्स डोक्यात असेल तर 'नाइट वॉच'चे अडथळे चढताना घशाशी येतं. त्यानंतर 'फिफ्थ एलिफंट', आणि मग 'नाइट वॉच'.

एवढा धीर नसेल तर 'स्मॉल गॉड्स' घ्या, त्याला आगापीछा लागत नाही. 'कलर ऑफ मॅजिक'ने सुरुवात करू नका. तिथे तो इतरांच्या फँटसीची टिंगल करतोय, स्वतःचं जग अजून हातात आलेलं नाही. आणि बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, तेव्हा "एक प्रकरण वाचून झोपतो" हा बेत विसरा.

घाटमाथा

सगळे 'रेझिंग स्टीम'च्या संवादांवर घसरलेत, पण त्यातल्या रेल्वेबद्दल कुणी बोलेल का? खरा दोष तिथे आहे. थोडं अवांतर होईल, सहन करा.

'गोइंग पोस्टल'मधले क्लॅक्स बघा. मनोऱ्यांवरून प्रकाशाच्या झडपांनी निरोप जातो. नवे मालक दुरुस्तीचा वेळ कापतात, यंत्र चालू ठेवून माणूस वर चढवतात, आणि माणसं पडून मरतात. मेलेल्याचं नाव मनोऱ्यांवरून फिरतं ठेवायला जीएनयू हा संकेत: जी म्हणजे पुढे पाठव, एन म्हणजे नोंद करू नको, यू म्हणजे शेवटाला पोचलं की परत फिरव. यंत्र कसं चालतं, कुठे मोडतं, कोण मरतं, पैसे कुणाच्या खिशात, चारही गोष्टी एकात एक गुंतवल्यात. म्हणून तर लेखक गेल्यावर लोकांनी आपल्या संकेतस्थळांच्या अदृश्य ओळींत त्याचं नाव तसंच फिरतं ठेवलं.

आता 'रेझिंग स्टीम'. डोंगराळ उबरवाल्डपर्यंत रूळ टाकायचे. चढ किती? माहीत नाही. पाणी कुठे भरायचं, मजूर किती, कुठे झोपतात, काय रोगाने मरतात? आणि शेवटचा अडचणीचा पूल, तो खालून गोलेम, म्हणजे मातीचे चालते पुतळे, तोलून धरतात. संपलं! आपला बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, चढ ३७ ला १, एवढा की गाडीला मधेच उलट फिरवायचं स्थानक करावं लागलं. बांधताना हजारो मजूर मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या आजाराने गेला, पुढचं काम त्याची बायको ॲलिसने पुरं करवून घेतलं. एवढं करून १८६७ च्या पावसात त्यातला एक पूल कोसळलाच. म्हणजे खरी रेल्वे प्रॅचेटच्या चांगल्या पुस्तकासारखी आहे, आणि त्याच्या पुस्तकातली एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकासारखी!

कासवछाप

घाटमाथा, अर्धं मान्य. पण पुस्तकाची सुरुवात गाळलीत. नेड सिम्नल म्हणजे 'रीपर मॅन'मध्ये कापणीयंत्र बनवणारा तोच. त्याचा बॉयलर फुटून त्याची गुलाबी वाफ होते. पोरगा डिक त्यातून शिकतो की अंदाजाने वाफ कोंडायची नाही, आधी मोजायचं, म्हणून पट्टी आणि त्रिकोणमिती. किंमत पहिल्या पानांत मोजून दिलीय.

घाटमाथा

दिलीय, आणि तिथेच संपवलीय! बाप गोष्ट सुरू होण्याआधी मेला. नंतर वाफ मारते ती फक्त इंजिनाशी खोडसाळपणा करणाऱ्याला. यंत्र गुन्हेगार ओळखतं म्हणे. बॉयलरला चांगला-वाईट कळत नाही, दाब कळतो. ज्याने क्लॅक्सचा मनोरा लिहिला त्याला हे माहीत होतं. 'रीपर मॅन' आठवा, तिथे मृत्यू स्वतः कोयता पाजळतो. आधी दगडावर, मग रेशमावर, कोळ्याच्या जाळ्यावर, शेवटी पहाटेच्या उजेडावर. अशक्य गोष्ट, पण एकेक पायरी दाखवून. तेवढी पायरी रुळांना का नाही?

आद्यवाचक

म्हणजे 'रेझिंग स्टीम' ४० वरच बरोबर आहे. एवढा घाट चढून तुम्ही माझ्याच नंबरवर आलात, आभारी आहे. जाता जाता, 'रीपर मॅन'चं निम्मं पुस्तक बाजाराच्या ढकलगाड्या शहरावर चाल करून येतात यात वाया गेलंय, तेही सांगा.

तळटीप

नंबर तोच, कारण वेगळं. कारण चुकीचं असेल तर पुढचा माणूस त्याच कारणाने 'मिडनाइट'ही टाळेल. आणि 'स्नफ'ला २०१२ चं विनोदी लेखनाचं वुडहाऊस पारितोषिक मिळालंय, तेवढीही नोंद घ्या.

आद्यवाचक

पारितोषिकात डुक्कर मिळतं, त्याला पुस्तकाचं नाव देतात. मोठा पुरावा आणलात!

झुंजार_चेटकीण

'शेफर्ड्स क्राउन'बद्दल आता मी बोलते. ग्रॅनी सुरुवातीलाच जाते. २०१५ चं पुस्तक आहे, कुणी स्पॉयलर म्हणून ओरडू नये. ती स्वतःची टोपली विणते, घर झाडते, अंग धुते, झोपते. त्या पानांत एक शब्द कमीजास्त नाही. पुढचे धागे मात्र सुटे आहेत, जेफ्री आणि त्याची बकरी घाईत आलेली, परी मंडळींचा हल्ला कागदावर जेमतेम. शेवटच्या टिपणात विल्किन्सनेच लिहिलंय की त्याला वेळ मिळता तर अजून लिहिलं असतं. अपुऱ्या पुस्तकाला ४१ वा नंबर देणं म्हणजे अर्ध्यावर उतरवलेल्या भाकरीला कच्ची म्हणून नावं ठेवणं. ते यादीबाहेर ठेवा.

लाकडीपेटी

सहमत. अपुरं काही मागे राहू नये ही प्रॅचेटची स्वतःचीही इच्छा होती. बाकीचं अपुरं लिखाण असलेली हार्ड डिस्क ऑगस्ट २०१७ मध्ये डॉर्सेटच्या वाफेच्या जत्रेत लॉर्ड जेरिको नावाच्या रोड रोलरखाली घातली.

घाटमाथा

आणि रोलर वरून गेला तरी डिस्क पुरती मोडली नाही, दगड फोडायच्या यंत्रात टाकावी लागली. बघा, वाफेचं यंत्र खरं असलं की अपेक्षेप्रमाणे काम होत नाही. हे एवढं एक वाक्य 'रेझिंग स्टीम'मध्ये असतं तर मी त्याला विसावा नंबर दिला असता.

झुंजार_चेटकीण

पुन्हा रेल्वे! चेटकिणींची सहा आणि टिफनीची पाच अशी अकरा पुस्तकं आहेत, त्यांतलं पहिल्या दहात कोणतं घ्यायचं यावर आद्यवाचक यांनी अजून चकार शब्द काढलेला नाही. वाट बघतेय.

आद्यवाचक

'विचेस अब्रॉड' नववं. 'कार्पे जुगुलम' नाही म्हणजे नाही, त्यातली पिशाचं अर्ध्यावर कंटाळा आणतात. झालं समाधान?

झुंजार_चेटकीण

नाही.