रॉडवाल्या मशीनचं काय सांगता!

एका वैद्यांनी लिहिलंय की मुठीत धातूचा रॉड धरला की सगळ्या शरीराची तपासणी होते असं सांगणाऱ्या ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ मशीनचा रिपोर्ट त्यांच्या नाडीपरीक्षेशी जुळतो. जुळणारच की! मशीन सुरू करताना वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष हे आधी भरावं लागतं. पन्नाशीतल्या जाड माणसाला ‘चरबी जास्त, गुडघे कमजोर’ सांगायला रॉड कशाला हवा? तोच रुग्ण, पण वय ३० टाकून लगेच पुन्हा प्रिंट काढून बघा. आमच्या दवाखान्यात एका काकांचं यकृत असंच चहा येईस्तोवर ठणठणीत झालं होतं.

त्यापेक्षा जर्मन डॉक्टर राइनहोल्ड फोल यांचं १९५० च्या दशकातलं ईएव्ही (फोल पद्धतीचं इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर) यंत्र परवडलं. ते किमान खरंच काहीतरी मोजतं, म्हणजे बोटावरच्या अ‍ॅक्युपंक्चर बिंदूपाशी त्वचेतून वीज किती जाते ते. काटा ० ते १००, ५० म्हणजे ठीक. पण यंत्राचं टोक बोटावर जरा जोरात दाबलं किंवा बोट घामेजलेलं असलं की काटा चढलाच. दाबणारा हात आपलाच, त्यामुळे मनात जे निदान असतं तेच बरोबर निघतं.

शुगर, कॅल्शियम बघायचं तर रक्त लॅबला पाठवावं. नाडी बघायला आपण वैद्य आहोतच.