खंडानंतरचे गणित-भौतिकी : पायापासून की थेट प्रश्नांपासून?

शून्यलब्धी : ‘अभ्यासातल्या अनेक वर्षांच्या खंडानंतर बीजगणित उजळण्यात वेळ दवडू नका, थेट यामिकीची (बल आणि गती यांच्या शास्त्राची) उदाहरणे सोडवा आणि अडेल तेथे मागे जा,’ हा चलराशी यांचा सल्ला वाचून राहवले नाही. अडल्याचे कळले तर माणूस मागे जाईल ना! विस्मरण झालेला माणूस अडत नाही, तो बिनदिक्कत (अ + ब)² च्या जागी अ² + ब² लिहितो, वर्गमुळाखालची बेरीज सुटी करतो आणि उत्तर जुळले नाही की न्यूटनचे नियमच कळले नाहीत असे समजून हताश होतो. घातांक, त्रिकोणमिती, मग कलन (कॅलक्युलस), हा क्रम मोडू नये.

चलराशी : आपल्या क्रमाने निघालेले बहुतेक जण कलनापर्यंत पोहोचतच नाहीत. नोकरी सांभाळून मी पुन्हा अभ्यासाला बसलो तो साध्या लंबकापासून, आणि त्या एकाच उदाहरणाने बलाचे घटक पाडणे, लहान कोनासाठी साइन म्हणजे कोनच हे गृहीतक आणि द्वितीय क्रमाचे अवकल समीकरण (डिफरेन्शियल इक्वेशन), हे सगळे उकरून काढले. विसरलेले पुन्हा शिकताना श्रम वाचतात, हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवले आहे.

शून्यलब्धी : तो निरर्थक अक्षरे पाठ करीत होता, अवकल समीकरणे सोडवीत नव्हता. शिवाय आपले साइनचे गृहीतक रेडियन या कोनाच्या एककातच चालते, हे आपण सोयीस्करपणे गाळले. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन आणि त्याचा साइन ०.१७३६, म्हणून ते खपते; अंशांत मांडणाऱ्याने १० आणि ०.१७३६ सारखे मानायचे काय?

स्पर्शरेषा : आपण दोघेही खरा गुन्हेगार सोडून भांडत आहात, आणि तो म्हणजे कॅलक्युलेटर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांनी १ मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल २० सेकंद काढला आणि त्याखाली दुहेरी रेघ मारली! हाताने आकडेमोड करणाऱ्याच्या हातून असे होत नाही.

चलराशी : का होत नाही? त्यांनी लांबी १०० सेंटिमीटर घेतली आणि गुरुत्वत्वरण मात्र मीटरमधले ९.८ च ठेवले, हे उघड आहे. कागदावरही २० च येतील. उत्तर २ सेकंदांच्या आसपास हवे, हा अंदाज सुटला. यंत्राचा यात काय दोष?

स्पर्शरेषा : तो अंदाज यंत्रानेच घालवला, हेच मी सांगते आहे. आपल्याला ऐकायचेच नसेल तर प्रश्न मिटला.

शून्यलब्धी : कॅलक्युलेटरवर स्वतंत्र चर्चा करावी. एकके तपासण्याची सवय पायापासून आली तरच टिकते.

चलराशी : ती सवय घातांकांची शंभर उदाहरणे सोडवून लागत नाही, कारण त्यांत एककेच नसतात. तरीही आपल्या समाधानासाठी दुरुस्ती करतो : लंबकाआधी कंस आणि घातांक एकदा नजरेखालून घालावेत. त्रिकोणमितीचे पूर्ण पारायण मात्र आपणच करावे.

शून्यलब्धी : ‘नजरेखालून’ नव्हे, हाताखालून. बाकी दुरुस्ती स्वीकारली.