जुने चिनी तलवारपट की रशियन घरगुती चित्रपट : गावच्या वाचनालयासाठी काय निवडावे?

डिचोलीचा वाचक
आमच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा परभाषिक चित्रपट दाखवण्याचे ठरले आहे. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. परंतु आमच्याकडच्या वयस्कर मंडळींना तिथवर जाऊन रात्री उशिरा परतणे जमत नाही. तरुणांची मागणी जुन्या चिनी तलवारपटांची आहे. ज्येष्ठांनी मात्र मराठीत अनुवादित झालेली सोव्हिएत पुस्तके एकेकाळी आवडीने वाचलेली असल्यामुळे त्यांना शांत, घरातल्या माणसांविषयीचे रशियन चित्रपट हवे आहेत. दोन्ही पिढ्या एकत्र बसून शेवटपर्यंत पाहतील, असे चित्रपट जाणकारांनी कृपया सुचवावेत.

पेडण्याचा प्रेक्षक
तलवारपटांची सुरुवात दिग्दर्शक किंग हू यांच्यापासून करावी, असा माझा आग्रह आहे. 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) या चित्रपटात दरोडेखोरांनी पकडलेल्या भावाला सोडवायला निघालेली नायिका वाटसरूंच्या एका सराईमध्ये एकटीच बसलेली असते, भोवती एकेक करून माणसे जमत जातात, आणि तरीही बराच वेळ कोणी तलवार उपसत नाही. ही भूमिका करणाऱ्या चेंग पेइ-पेइ बॅले शिकलेल्या होत्या, आणि झुंजी बसवणारे हान यिंगच्ये बीजिंग ऑपेराच्या तालमीत घडलेले होते. म्हणूनच त्या झुंजी तालावर बांधलेल्या वाटतात. आमच्याकडे दशावतारात पखवाज आणि झांजेच्या साथीवर दोन राजे तलवारी घेऊन फिरू लागतात, तेव्हा घाव कुठे बसला हे कोणी विचारत नाही; पाऊल समेवर पडले की नाही, इकडे सगळ्यांचे लक्ष असते. ज्या आजोबांनी जत्रेत रात्रभर जागून दशावतार पाहिला आहे, त्यांना तलवारपट समजावून सांगावा लागणार नाही.

फोंड्याची शिक्षिका
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र किंग हू यांचाच 'अ टच ऑफ झेन' वगळू नये. त्यात पहिली झुंज येईपर्यंत जवळजवळ तासभर जातो. तोवर आपण पाहतो ते पडक्या किल्ल्याजवळ राहणारा एक गरीब चित्रकार आणि त्याच्या मागे लागलेली त्याची आई: परीक्षेला बस, नोकरी धर, लग्न कर. म्हणजे या तलवारपटाच्या पोटातच एक घर आहे, आणि तुमचे ज्येष्ठ प्रेक्षक त्या आईला लगेच ओळखतील.

रशियन चित्रपटांपैकी 'सेर्योझा' (१९६०) निवडावा. गिओर्गी दानेलिया आणि इगोर तालांकिन यांचा हा चित्रपट दीड तासाहूनही लहान आहे. लहानग्या सेर्योझाच्या घरी सावत्र वडील येतात. ही भूमिका सर्गेई बोंदार्चुक यांनी केली आहे. एक पाहुणा खाऊची गोळी म्हणून तिचा रिकामा कागद मुलाच्या हाती देतो, तेव्हा "काका, तुम्ही मूर्ख आहात का?" असे मूल अगदी सरळपणे विचारते. आई रागावते, पण सावत्र वडील मुलाची बाजू घेतात. पुढे कुटुंब दूरच्या गावी निघते आणि आजारी मुलाला मागे ठेवायचे ठरते, तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहावा. तिथे कोणी मोठ्याने रडत नाही. सराईतल्या त्या मेजाभोवती जसे सगळे थांबून असते, तसेच इथेही असते. दानेलियांना मुलाच्या उंचीवरून जग पाहता येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बार्देशकर
'अ टच ऑफ झेन' तीन तासांचा आहे, त्यामुळे एका बैठकीत तो दाखवू नये. तैवानमध्येही तो १९७० आणि १९७१ मध्ये दोन भागांतच प्रदर्शित झाला होता. शिवाय ज्यांना इंग्रजी उपशीर्षके झरझर वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी आरंभी दहा मिनिटे कथेची पार्श्वभूमी मराठीत सांगावी, आणि चालू चित्रपटात मध्ये बोलणे टाळावे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची परवानगी आधीच घ्यावी.

डिचोलीचा वाचक
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या महिन्यात 'कम ड्रिंक विथ मी' आणि दुसऱ्या महिन्यात 'सेर्योझा' दाखवावा, असे मी समितीपुढे मांडणार आहे. 'अ टच ऑफ झेन' त्यानंतर सलग दोन रविवारी दाखवू. पेडण्याच्या मित्रांनी पहिल्या दिवशी येऊन दशावतारातील युद्धाच्या तालाविषयी चार शब्द बोलावेत, अशी विनंती आहे. शक्य झाल्यास पखवाजही सोबत आणावा.