शब्दचर्चा : 'बंकम' म्हणजे भंकस का?

प्रश्न : भाषांतर करताना 'बंकम' हा इंग्रजी शब्द आला. मी सरळ 'भंकस' लिहून टाकलं. अर्थ जुळतो, नादही जुळतो. मुळात शब्द एकच असेल का?

उत्तर : नुसत्या नादावरून नातं जोडू नका. 'बंकम'चा माग थेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जातो, फेलिक्स वॉकर यांच्यापाशी.

जन्म १७५३, व्हर्जिनियातला. १७७५ मध्ये प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून यांच्यासोबत केंटकीची वाट काढायला गेले आणि वाटेतल्या हल्ल्यात जबर जखमी झाले. पुढे नॉर्थ कॅरोलायनात कोर्टाचे कारकून, मग राज्याच्या विधिमंडळात, आणि १८१७ ते १८२३ प्रतिनिधिगृहात. त्यांच्या मतदारसंघात बंकम नावाची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) होती. ॲशव्हिल शहर तिथलंच. काउंटीला नाव मिळालं कर्नल एडवर्ड बंकम यांचं. ते स्वातंत्र्ययुद्धात जखमी होऊन ब्रिटिशांच्या कैदेत वारले. अशा माणसाचं आडनाव पुढे बाष्कळ बडबडीला चिकटावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फेब्रुवारी १८२० मध्ये मिसूरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून घ्यायचं का, यावर सभागृहात आठवडेच्या आठवडे गुऱ्हाळ चाललं होतं. सदस्य कंटाळले होते, मतदान घ्या म्हणून ओरडत होते. तेवढ्यात वॉकर बोलायला उठले. लोकांनी बसा म्हटलं, तर म्हणे त्यांचं उत्तर असं की मी तुमच्यासाठी नाही, बंकमसाठी बोलतोय. तिथून 'बंकमसाठी बोलणं' हा वाक्प्रचार रूढ झाला. पुढे स्पेलिंग बदललं, शब्द आखडून 'बंक' झाला आणि १९२३ मध्ये त्यातून 'डिबंक' निघाला.

म्हणजे मूळ अर्थ 'खोटं' असा नव्हताच. समोर बसलेल्यांना पटवायचंच नाही, ऐकणारा दूर गावी आहे, हा त्याचा गाभा. आणि ज्या विषयावर हे चाललं होतं त्यावर लाखो गुलामांचं आयुष्य टांगलेलं होतं, हे शब्दाची गंमत सांगताना विसरू नये.

प्रश्न : मग 'लेकी बोले सुने लागे' चालेल?

उत्तर : जवळ जातं, पण पुरतं बसत नाही. तिथे सून घरातच असते आणि टोमणा तिला झोंबायलाच हवा. इथे सून शेकडो मैलांवर आहे, आणि तिला झोंबायचं नाही, खूश करायचं आहे. सभागृहातल्या भाषणाबद्दल असेल तर मी 'मतदारांना ऐकवण्यापुरतं भाषण' असं उलगडून लिहीन. तुमचं वाक्य कशाबद्दल आहे?

प्रश्न : टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीबद्दल.

उत्तर : मग 'थोतांड' लिहा. 'भंकस'मध्ये थट्टामस्करीची छटा येते, फसवणुकीची येत नाही. आणि पुढे कुठे 'डिबंक' आलं, तर 'थोतांड उघडं पाडणं'.