डांबराइतकाच दोष नालीचा

ठेकेदार डांबर कमी वापरतो म्हणूनच रस्ते उखडतात, हे मत अर्धेच खरे आहे. आमच्या वऱ्हाडातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. त्यामुळे तिच्यावर मुरुमाचा पुरेसा थर आणि दोन्ही बाजूंना वाहत्या नाल्या नसतील, तर वर कितीही चांगले डांबर टाकले तरी खालचा पाया हलतोच. आमच्या गावाहून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याचे नेमके हेच झाले. वावरात ट्रॅक्टर नेण्यासाठी लोकांनी (त्यांत आमचेही घर आले) पाइप न टाकताच नालीत माती भरली, पाणी साइडपट्टीवर तुंबले आणि दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याची कड वाळल्या भाकरीसारखी तुटत गेली. पहिले खड्डे पडले तेही त्या भरावांच्या वरच्या अंगालाच.

शिवाय देखभाल कोणाकडे, हा प्रश्न आहेच. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामानंतर ५ वर्षे देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते. एरवी ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी रस्ता यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो ते विचारून घ्यावे. आमचा अर्ज चार महिने भलत्याच कार्यालयात पडून होता आणि शेवटी ‘सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही’ एवढी एक ओळ हाती आली.